सह्याद्रीसमोर सुटीचे घर: डोंगर नेमका कुठून दिसावा?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंड्यात राहणारे कुटुंब. नवरा-बायको दोघेही नोकरीत, सोबत वयस्क आई-वडील आणि शाळेत जाणारी मुलगी. सत्तरी तालुक्यात केरीच्या परिसरात उतारावरची सेटलमेंट झोनमधली, म्हणजे वस्तीसाठी ठरवलेल्या पट्ट्यातली, जागा त्यांनी घेतली आहे. समोर वाघेरीचा डोंगर आणि पलीकडे चोर्ला घाटाकडची रांग दिसते. शनिवार-रविवारी जाऊन राहण्यापुरते तीन खोल्यांचे घर हवे. ओळखीतल्या एकाने आराखडा करून दिला आहे: जागेच्या अगदी माथ्यावर घर, डोंगराकडची अख्खी भिंत काचेची, वर सपाट स्लॅब, आणि प्रत्येक खोलीतून डोंगर. हे असेच बांधावे का, असे त्यांनी विचारले आहे.

थेट सांगतो, आराखडा बदला. जागा चांगली आहे, डोंगर तर उत्तम आहे. पण या आराखड्यात निवांत बसून डोंगर बघायची जागाच नाही. गोव्यात घाटाच्या पायथ्याशी मी बरीच वर्षे घरे बांधतो आहे आणि माझा आग्रह असा असतो की डोंगर सगळ्या खोल्यांना थोडा थोडा वाटू नका. दोन-तीनच जागांना द्या, पण तिथे मनसोक्त द्या. बाकीचे घर पावसासाठी, रात्रीसाठी आणि आठवड्याचे पाच दिवस कुलूपबंद राहण्यासाठी बांधा.

आधी वेळेचा हिशेब मांडा. तुम्ही शुक्रवारी रात्री आठच्या सुमारास पोचणार आणि रविवारी संध्याकाळी पाचला निघणार. हे झाले ४५ तास, त्यातले उजेडाचे तास जेमतेम २२-२३. म्हणजे निम्मा वेळ डोंगर काळोखात. त्या वेळी आत दिवा लागला की काचेच्या भिंतीत तुमचा सोफा, तुमचा पंखा आणि तुम्हीच दिसता. बाहेरचे काही दिसत नाही. पहिल्या पावसात त्याच काचेवर पंखवाल्या वाळवीचे थवे येऊन आदळतात. त्यात ऋतूंचा हिशेब वेगळा. जून ते सप्टेंबर रांग ढगात असते, कधी कधी सलग आठवडाभर तिचा पत्ता नसतो. मार्चपासून धुरकट हवेत ती फिकट होत जाते. डोंगर स्वच्छ, कोरीव दिसतो तो ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत. आणि पावसाळ्यात मध्येच उघडीप मिळते तेव्हा, धबधब्यांच्या पांढऱ्या रेघांसकट. ते दोन तास वर्षातले सगळ्यात सुंदर असतात, पण ते कधी मिळतील ते आपल्या हाती नाही. म्हणून डोंगर दिसत नसतानाही जिथे बसावेसे वाटेल असे घर हवे.

आता दिशा. गोव्यात सह्याद्री पूर्वेला आहे आणि या एका गोष्टीवरून निम्मे घर ठरते. सकाळी सूर्य रांगेमागून येतो, त्यामुळे डोंगराची आपल्याकडची बाजू सावलीत असते आणि दिसते ती फक्त निळसर कड. घळी, कातळ, झाडीचे वेगवेगळे हिरवे रंग हे सगळे उमटते ते दुपारी तीननंतर, ऊन पश्चिमेकडून त्याच्या अंगावर पडले की. तेव्हा मुख्य बैठक संध्याकाळच्या चहाची धरा. सकाळची बैठक वेगळी असते, तिचे सौंदर्य दरीतल्या धुक्याचे. पण सूर्य कडेवर आला की दीड-दोन तास उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत येते. हे ऊन इतके खालून येते की वळचण कितीही पुढे काढली तरी अडत नाही. त्याला उभा अडसर लागतो: लाकडी झडपा, बांबूची चटई, नाहीतर अंगणात योग्य जागी एखादे झाड. काचेच्या आत लावलेल्या पडद्याने झळाळी कमी होते, उष्णता मात्र तोवर आत आलेली असते.

इथे एक बारकावा आहे, तो आराखडा काढणाऱ्याला जरूर सांगा. आपल्या अक्षांशावर उगवतीची जागा जून ते डिसेंबर जवळजवळ ४८ अंश सरकते. जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेला सुमारे २४ अंश, डिसेंबरमध्ये दक्षिणेला तेवढीच. डोंगर बघायचे खरे दिवस हिवाळ्याचे. तेव्हा समोरच्या रांगेत निवडीला वाव असेल तर बैठकीचे तोंड नेमके पूर्वेला न ठेवता थोडे ईशान्येकडे वळवा. मग नोव्हेंबर-डिसेंबरच्या सकाळी सूर्य उजव्या हाताला वर येतो आणि समोरचा डोंगर डोळे न चोळता बघता येतो. पंधरा-वीस अंशांचे वळण पुरते. उलट परिस्थितीही गोव्यात आहे: केपे बाजूने चंद्रनाथाचा डोंगर पश्चिमेला पडतो. तिथे घर बांधणाऱ्याला पाऊस आणि मावळतीचे ऊन दोन्ही समोरूनच घ्यावे लागते आणि त्या घराचा विचार सर्वस्वी वेगळा करावा लागतो. तुम्हाला ती अडचण नाही. पावसाळ्याची झड पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येते आणि तुमचा डोंगर पूर्वेला आहे, म्हणजे घराची उघडी बाजू नेमकी आडोशाची आहे. ही मोठी देणगी समजा. फक्त वळवाचा आणि ऑक्टोबरमधला संध्याकाळचा गडगडाटी पाऊस घाटावरून, म्हणजे समोरून उतरतो, तेवढ्यासाठी पूर्वेकडेही वळचण खोल हवी.

डोंगर किती उंच दिसतो हे मोजल्याशिवाय खिडकीचे एकही माप ठरवू नका. लोक मोबाईलमधला फोटो दाखवतात. त्यात डोंगर एक तर लहान होतो नाहीतर झूम केल्याने मोठा होतो, खरा कधीच नसतो. साधी रीत आहे. हात लांब करून मूठ धरा: मुठीची रुंदी साधारण १० अंश, एका बोटाची सुमारे २. जागेपेक्षा ६०० मीटर उंच असलेला डोंगर ६ किलोमीटरवर असेल तर तो क्षितिजाच्या वर जेमतेम पावणेसहा अंश चढतो, म्हणजे तीन बोटे. तोच डोंगर दीड किलोमीटरवर असेल तर २२ अंश, दोन मुठींहून जास्त. या दोन डोंगरांसाठी दोन वेगळी घरे लागतात. पहिल्यासाठी आडवी, बुटकी, लांबरुंद चौकट. दुमजली उंचीची काच लावली तर डोंगराची पट्टी खाली राहते आणि वर नुसते पांढरे आकाश तळपत असते. त्या झगझगाटाने डोळा आकुंचन पावतो आणि डोंगर आणखीच फिका दिसतो. वळचण खाली आणून आकाश झाकले की डोंगराचे रंग एकदम गडद होतात.

दुसऱ्या, जवळच्या डोंगराची गंमत उलटी आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे १.१५ मीटरवर असतात. वळचणीची कड २.१ मीटरवर आणि खुर्ची त्या कडेपासून ३ मीटर आत असेल तर नजर साडेसतरा अंशांपर्यंतच वर जाते. २२ अंशांच्या डोंगराचे शिखर छपराआड गेले. शिखर दिसायला कड निदान २.३६ मीटरवर न्यावी लागेल, नाहीतर खुर्ची पुढे सरकवावी लागेल. आणि हॉलमध्ये ६ मीटर आत बसणाऱ्याला तर नऊच अंश मिळतात. शिखर दिसत नसले की माणसे नकळत पुढे वाकून बसतात, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. लाखोंची काच लावून हे घडते तेव्हा फार वाईट वाटते, कारण ते एका दोरीने टाळता आले असते.

ती दोरीची परीक्षा अशी. जोत्याची उंची ठरली की तेवढ्या उंचीवर बांबूची परांची बांधा, वर दोन फळ्या आणि एक साधी खुर्ची. पुढे तीन मीटरवर दोन बांबू रोवा आणि त्यांच्यामध्ये आडवी दोरी ताणा. एकाने खुर्चीवर बसायचे, दोघांनी दोरी दोन्ही टोकांनी हळूहळू खाली आणायची. दोरी शिखराच्या वर दोन बोटे आकाश ठेवून थांबली की तिथे बांबूवर खूण. तीच तुमच्या वळचणीची कड. मग आईंना बसवा, मुलीला बसवा. तिची नजर खाली असते, तिला वेगळे दिसते. पायाखाली दुसरी दोरी जमिनीलगत धरून पुढचे काय काय दिसते तेही पाहा, म्हणजे शेजाऱ्याचा पत्रा, विजेचा खांब, रस्त्याचे वळण कुठे झाकायचे ते तिथेच कळते. हे सगळे दुपारी चारला करा. गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरून पातळी जुळवायच्या नळीने, त्या खुणा नंतर नकाशावर चढवता येतात.

डोंगर कुठे द्यायचा, यात माझी पहिली पसंती पडवीला. तीन मीटर खोल, पूर्वेला पूर्ण उघडी, काचेविना. जुन्या गोमंतकीय घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या छोट्या ओसरीत, दोन्ही बाजूंना दगडी सोपे, म्हणजे बसायचे कट्टे, असतात. तसाच ४५ सेंटिमीटर उंच, पसरट सोपा पडवीच्या कडेला घ्या. बसायलाही होतो आणि कडेची राखणही करतो. कठडा ही डोंगर दाखवणाऱ्या घरातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे: एक मीटर उंचीचा जाड कठडा बसलेल्या माणसाच्या नजरेच्या जरासाच खाली येतो आणि दरी, कुळागर (सुपारी-नारळाची बाग), डोंगराचा पायथा सगळे खाऊन टाकतो. जमीन पडवीपासून दोन पायऱ्याच खाली ठेवली तर कठड्याची गरज पडत नाही. जिथे खरोखर खोल आहे तिथे मात्र तडजोड नको, कठडा लावा. उभ्या, बारीक, काळ्या सळ्यांचा लावा. काळी सळी नजरेआड होते, पांढरी होत नाही. काचेचा कठडा पहिल्याच पावसाळ्यात शेवाळाने हिरवा होतो. मच्छरदाणीच्या जाळीलाही हेच लागू: काळी जाळी घ्या. करड्या-पांढऱ्या जाळीतून डोंगर दुधात बुडाल्यासारखा दिसतो.

दुसरी जागा स्वयंपाकघर. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो आणि कधी कधी त्यावरून वादही होतो. सुटीच्या घरात निम्मा दिवस कुणीतरी ओट्याशी उभे असते आणि आराखड्यात स्वयंपाकघर नेहमी मागे, पश्चिमेच्या भिंतीला ढकललेले असते. बाकीचे पडवीत गप्पा मारणार आणि घरातली बाई मागच्या भिंतीकडे बघत माशांचे कालवण करणार, हे मला पटत नाही. ओटा पूर्वेच्या भिंतीला घ्या. ओट्याची उंची ८५ सेंटिमीटर, त्यावर वीसेक सेंटिमीटर पाणी उडायला जागा, आणि तिथून २.१ मीटरपर्यंत रुंद खिडकी. उभ्या माणसाची नजर दीड मीटरच्या आसपास असते, ती बरोबर मध्यावर येते. तुमचा डोंगर दुरून तीन-चार बोटांचा असेल तर या एका खिडकीतून तो पडवीइतकाच छान दिसेल.

तिसरी जागा आई-वडिलांच्या पलंगापाशी. उतारवयात माणूस दुपारी बराच वेळ आडवा असतो. त्यांच्या खिडकीचा उंबरा ५० सेंटिमीटरवर आणा म्हणजे उशीला टेकून बाहेर दिसेल. तुमच्या स्वतःच्या आणि मुलीच्या खोलीला डोंगर दिला नाही तरी चालेल. तिथे झोप हवी, आणि साडेसहाला उजाडल्यावर सुटीच्या दिवशी डोळ्यांवर ऊन नको. त्या खोल्या उत्तरेला, लहान खिडक्यांच्या, काळोख्या आणि गार असू द्यात. प्रवेशातूनही डोंगर दाखवू नका. गाडी पश्चिमेला, घरामागे थांबवा, बुटक्या ओसरीतून आत या, एक वळण घ्या आणि मग पडवीत पाऊल टाकल्यावर तो समोर येऊ द्या. दर आठवड्याला येणाऱ्यालाही ते आवडते.

डोंगर नसलेल्या दिवसांसाठी आपल्याकडे आयते उत्तर आहे: राजांगण. गोव्यातली जुनी हिंदू घरे बाहेर बघत नाहीत, ती आतल्या चौकाभोवती बसतात, मध्ये तुळस, चहूबाजूंनी ओसरी. तुमच्या घरापुरते तीन मीटर बाय तीन मीटरचे राजांगण पुरे. जुलैच्या धुक्यात पूर्वेला करड्या भिंतीखेरीज काही नसते तेव्हा घराच्या मधोमध चारी पाख्यांच्या पागोळ्या पडताना बघत जेवता येते. पण पाण्याचा हिशेब चोख हवा. सत्तरीतल्या वाळपईला हंगामात दीडशे इंच पाऊस हा नेहमीचा आकडा आहे, २०२४ मध्ये तर तो दोनशेच्या वर गेला. आत उतरणाऱ्या पाख्यांचे आणि चौकाचे क्षेत्र ४० चौरस मीटर धरा. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर त्या तासात ४,००० लिटर पाणी तुमच्या घराच्या पोटात पडते. ते पाइपावर सोपवू नका. एक फणसाचे पान आडवे आले की पाइप तुंबतो आणि घर बंद असेल तर पाणी खोल्यांत शिरल्याचे शुक्रवारी रात्री कळते. ओसरीखालून बाहेर जाणारा हातभर रुंदीचा दगडी पाट ठेवा, वर उचलता येतील अशा फरश्या, आणि चौकाची जमीन ओसरीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर खाली.

छप्पर उतरतेच हवे, मंगळुरी कौलांचे. कौलांखाली स्लॅब घालायचा मोह होईल. माकडे आणि वानरे कौले सरकवतात हे खरेच आहे. पण स्लॅबऐवजी मी वासे-रिपांवर दोन थर देतो, खाली छताची सपाट कौले आणि वर मंगळुरी, मधल्या पोकळीतून गरम हवा निघून जाते. वळचणीला पन्हळ लावू नका, खाली दगडी गटार करा. पडवीच्या छताचा खालचा भाग पांढरा रंगवू नका आणि जमिनीवर चकाकणाऱ्या टाइल्स नकोत. लाल कोबा किंवा खरबरीत दगड ठेवा, म्हणजे नजर बाहेर जाते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती जरूर करा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि हवा लागून कठीण होत जातो, पण तो सच्छिद्र असतो हे विसरू नका. पूर्वेची भिंत उघड्या चिऱ्यांची चालेल, पश्चिमेची नाही. तिकडे गिलावा करा किंवा त्याहून चांगले म्हणजे न्हाणीघर, कोठी, सामानाची खोली अशी सगळी कामाची जागा पश्चिमेला रांगेने लावा. झडही त्यांनी सोसायची आणि दुपारचे ऊनही. फक्त त्यांच्या माथ्यावरून समुद्राकडचा वारा आत यावा म्हणून छपराखाली झरोके ठेवा.

हे झरोके बंद घराचा श्वासही आहेत. काचेने सगळीकडून बंद केलेले घर जुलैत पाच दिवस तसेच राहिले तर गाद्यांना कुबट वास येतो, चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, लाकडी दारे फुगतात. जाळी लावलेले, कधीच बंद न होणारे झरोके समोरासमोरच्या भिंतींत हवेत. कपाटे पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, पाठीमागे चार बोटे जागा सोडा. जोत्याला वाळवीचे औषध बांधतानाच घाला. निघताना मेन स्विच बंद करायची सवय लावा, कारण वळवाच्या विजा तिथे फार पडतात; चांगले अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांवर काटकसर करू नका. आणि गावातलाच कुणी विश्वासू माणूस बुधवारी एकदा येऊन दारे उघडून जाईल एवढी व्यवस्था करा. त्याला महिना ठरवून पैसे द्या, उपकारावर ठेवू नका.

घर माथ्यावरून खाली आणा. तुमचा उतार डोंगराकडे, पूर्वेला आहे. माथ्यापासून थोडे खाली, उताराच्या समपातळी रेषेला धरून लांबट घर बसवले तर पाठीमागचा माथा पश्चिमेचा वारा अडवतो आणि पुढे दरीची खोली दिसते. मात्र वरचे सगळे पाणी मग घराच्या पाठीवर येणार. म्हणून पाया खणण्याआधी, अगदी पहिले काम म्हणून, घराच्या वरच्या अंगाला चर काढा आणि तो दोन्ही बाजूंनी नैसर्गिक ओहोळाला नेऊन सोडा. जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी पांढुरकी चिकणमाती असते. जांभ्यातून झिरपलेले पाणी तिच्यावर साठते आणि वरचा थर घसरतो. २०२१च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत सत्तरीतल्या डोंगरांवर दरडी कोसळल्या, ते तुम्ही वाचले असेलच. उतार कापून सपाटी करण्यापेक्षा घराचीच दोन पातळ्यांत मांडणी करा, वरच्या पातळीवर खोल्या आणि तीन पायऱ्या खाली पडवी. जिथे संरक्षक भिंत टाळता येत नाही तिथे ती दगडी, पाणी निघायला भोके ठेवलेली आणि मागे खडीचा थर असलेली हवी. आणि जुलैत भर पावसात छत्री घेऊन एकदा जागेवर जा. पाणी कुठून वाहते ते कागदावरच्या कुठल्याही रेषेपेक्षा तिथे स्पष्ट दिसते.

झाडे तोडून डोंगर मोकळा करू नका, ही कळकळीची विनंती. एक तर १९८४च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधली झाडे गेली की डोंगर दूर आणि सपाट दिसू लागतो. दहा-वीस मीटरवर एखादे माट्टीचे झाड, एखादी भिरंड (कोकम), तिच्या पलीकडे सुपारीचे शेंडे आणि मग रांग, अशा थरांमुळेच त्याची उंची डोळ्यांना कळते. खालच्या फांद्या छाटून खोडांमधून नजर जाऊ द्या, तेवढे पुरते. काजूच्या बागेत वाळलेले गवत आणि पाचोळा मात्र फेब्रुवारीपासून घराभोवती दहा मीटरपर्यंत काढत राहा. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे विसरण्यासारखे नाहीत. कुंपणाला उंच भिंत नको. उताराच्या खालच्या टप्प्यावर चिऱ्यांचा गडगा घाला, पडवीतून तो दिसतच नाही. गवे तसेही भिंतीने थांबत नाहीत.

कायद्याचे थोडक्यात. सेटलमेंट झोन म्हणजे लगेच बांधता येते असे नाही. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये तुमचा सर्व्हे क्रमांक पूर्ण त्या झोनमध्ये आहे की तुकड्यात, ते नगरनियोजन खात्यातून लेखी घ्या. एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कूळ लागलेले नाही ना ते पाहा. सत्तरीत मोकासो आणि आल्वारा, म्हणजे जुन्या राजवटींत बहाल केलेल्या, जमिनींचे जुने प्रश्न आहेत, त्यासाठी स्थानिक वकीलच हवा. जमीन रूपांतराची सनद, मग तांत्रिक मान्यता, मग पंचायतीचा परवाना हा क्रम. सरासरी १:१० किंवा त्याहून तीव्र उतार असलेली जमीन कायद्याने डोंगराळ ठरते आणि नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाप्रमाणे ती परवानगीशिवाय कापता येत नाही. म्हणजे दहा मीटर चालताना एक मीटर चढ असला तरी तुम्ही त्या कलमात आलात. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४च्या मसुद्यात गोव्यातली १०८ गावे आहेत, तुमचे गाव त्यात आहे का तेही बघून घ्या. आणि तुमच्या जागेपासून डोंगरापर्यंतच्या मधल्या जमिनी कुठल्या झोनमध्ये आहेत ते नकाशावर शोधा. वनक्षेत्र असेल तर उत्तम. सेटलमेंट असेल तर उद्या समोर दुमजली इमारत उभी राहू शकते. तसे असेल तर बैठकीचे तोंड आत्ताच त्या बाजूपासून वळवून घ्या.

ज्यांनी तुम्हाला आराखडा दिला त्यांना बाजूला सारायची गरज नाही. समपातळी रेषांचा सर्व्हे करून घ्या, त्यांना जागेवर बोलवा आणि दोरीची परीक्षा त्यांच्यासमोर करा. काचेच्या भिंतीसाठी धरलेली रक्कम पडवीच्या छपराला, चांगल्या लाकडी झडपांना आणि वरच्या चराला द्यायला सांगा. या पावसाळ्यात पाणी बघा, दिवाळीनंतर बांबू रोवा, आणि पाया पुढच्या पावसाआधी पुरा होत नसेल तर खणूच नका. उघडा खड्डा उतारावर पावसाळाभर राहणे हे सगळ्यात धोक्याचे. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.